शिवलेले सोंग आणि विकतचे सोंग

कापड, दोरे आणि शिवणसाहित्य विकणारी अमेरिकेतील ‘जोअ‍ॅन’ ही दुकानांची साखळी २०२५ च्या मे महिन्यात बंद झाली. १९४३ मध्ये क्लीव्हलंड येथे आरंभ झालेल्या या साखळीची सुमारे ८०० दुकाने होती. तिच्या ऱ्हासाला कर्जाचा बोजा कारणीभूत होता हे खरे. तथापि ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी मुलांची सोंगे घरी शिवणाऱ्या पालकांचा मोठा आधार त्यामुळे नाहीसा झाला.

या सणाला चेटकीण, भोपळा, मांजर अशा वेशांत मुले दारोदार खाऊ मागत फिरतात. कडेवरच्या मुलालाही सोंगातून सूट नसते. एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला, तेव्हापासून सामान्य घरातही कपडा बेतणे सुकर झाले. पुढे हॅलोविनचे वेश घरोघरी शिवले जाऊ लागले, त्यामागे हौसेइतकीच काटकसरही होती. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण तेथील गृहिणींनाही पटली असती. आज हिशेब उलटला आहे. तयार वेश अनेकदा नुसत्या कापडाहून स्वस्त पडतो. मग घरी शिवण्याचा अट्टाहास कशासाठी?

याचे उत्तर मुलाकडे पाहून शोधले पाहिजे. टोचणारी शिवण, पायांत येणारा घोळ आणि डोळ्यांवर सरकणारा मुखवटा दोन वर्षांच्या मुलाला सोसत नाही. विकतच्या वेशात मुलाला बसवावे लागते. घरचा वेश मुलाच्या अंगावर बेतलेला असतो. जुन्या स्वेटरच्या टोपीला कापूस भरलेले दोन कान टाचले की मांजर तयार होते. ते कान मुलाच्या डोळ्यांदेखत घडतात. वस्तू दुकानात उगवत नाही, ती कोणाच्या तरी हातून घडते, हा संस्कार त्यातून होतो.

मात्र या संस्काराचे ओझे नोकरी सांभाळणाऱ्या आईवरच टाकणे अन्यायाचे ठरेल. आईने रात्री जागून शिवावे आणि बापाने सकाळी कौतुक करावे, ही जुनी वाटणी गौरवास्पद नव्हती. सुई बापाच्या हातीही शोभते. ज्या घरात दोघांनाही सवड नाही, तेथे विकतचा वेश आणण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रातील शाळांच्या वेशभूषा स्पर्धांनाही हा विचार लागू पडतो. भाड्याने आणलेल्या जरतारी वेशाला बक्षीस देण्यापूर्वी परीक्षकांनी मुलाला एवढेच विचारावे, ‘यात तू काय केलेस?’ निकष बदलला, तर कागदाचा मुकुटही मानाचा ठरेल.