शिफारस कोणाची घ्यावी? केळुसकर, सेलिग्मन, कॅनन आणि सोलापूरचे विद्यार्थी

परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी शिफारसपत्रे मिळवायची वेळ आली की आपल्या सोलापुरातल्या विद्यार्थ्यांची पहिली धाव असते ती प्राचार्यांच्या दालनाकडे. तिथे जमले नाही तर विभागप्रमुख; तेही नसतील तर घरच्यांच्या ओळखीतले एखादे लोकप्रतिनिधी. ज्यांनी वर्षभर आपले लेखन तपासले, प्रकल्पाचा तिसरा मसुदाही लाल शाईने रंगवून परत दिला, त्या शिक्षकांचे नाव यादीत शेवटी येते किंवा येतच नाही. माझ्या मते हा क्रम पूर्णपणे उलटा आहे. तो का, हे सांगण्यासाठी आजचा हा थ्रेड.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. नुसती गुणपत्रिका पाहणाऱ्याने हा अर्ज बाजूला ठेवला असता. या मुलाला संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके तो कशी अधाशासारखी वाचतो, हेही दिसत नाही.

ते एका माणसाला दिसले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. इतिहासाच्या वाचकांना ते शिवचरित्रकार म्हणून ठाऊक आहेत. पोटापाण्यासाठी ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. म्हणजे भीमरावांच्या शाळेचे शिक्षकही नव्हेत! चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तकात डोके घालून बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिकनंतर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले, हा वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.

इंटरनंतर घरची परिस्थिती पुढे शिकू देईना. तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि मुलाला प्रत्यक्ष महाराजांसमोर उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. दार केळुसकरांनी उघडले. उत्तरे भीमरावांना स्वतः द्यावी लागली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. केळुसकरांकडे ना पद होते ना संस्थान. त्यांच्याकडे होते ते त्या मुलाला वर्षानुवर्षे वाचताना पाहिल्याचे भांडवल.

पुढचा टप्पा न्यूयॉर्कचा. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन. सेलिग्मन यांनी लंडनमधले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली. आणि इथे एक गंमत झाली. १९२० साली फॉक्सवेल यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कार्यालयाला कळवले की या गृहस्थांची डॉक्टरेट आधीच झालेली आहे, त्यांनी जिंकावे असे आपल्याकडे आता काही उरलेले नाही! वस्तुतः कोलंबियाच्या त्या पदवीवर औपचारिक शिक्कामोर्तब व्हायला १९२७ साल उजाडले. आणि ‘काही न उरलेल्या’ त्याच लंडनमधून आंबेडकरांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

पण या सगळ्यात माझे सर्वांत आवडते शिफारसपत्र तिसरेच आहे, आणि ते रूढ अर्थाने शिफारसपत्र नाही. १९२३ साली आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना लिहिली लंडनमधले त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. कॅनन त्यात आडपडदा न ठेवता सांगतात की लेखकाची बरीचशी टीका आपल्याला मान्य नाही. त्याच दमात ते हेही नोंदवतात की काही ठिकाणी त्याचा घाव अचूक बसला आहे, आणि जिथे तो चुकतो असे वाटले तिथेही त्याच्या विचारांत उत्तेजक ताजेपणा आढळला. शंभर वर्षांनंतरही या मजकुरावर विश्वास बसतो, कारण लिहिणाऱ्याने ग्रंथ खरोखर वाचलेला आहे, त्याच्याशी वाद घातलेला आहे. ‘हा विद्यार्थी हुशार, प्रामाणिक व मनमिळाऊ आहे’ हे वाक्य ज्यांनी तुमचे एक पानही वाचलेले नाही, तेही लिहू शकतात.

मोठ्या पदाची शिफारस चालतच नाही, असे म्हणणे मात्र इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकरांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची ओळख उपयोगी पडली होती. पण ती सरकारी नोकरी होती. प्रवेश समितीचा प्रश्न निराळा असतो: अर्जदाराला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? या रकान्यात आमदारसाहेब काय लिहिणार?

आता सोलापूरकडे वळू. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ च्या जुलैमध्ये झाली आणि अवघ्या सहा महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. नगरपालिका त्याला महिना ४० रुपये अनुदान देत असे. ज्या मुलांना शिफारस करणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठीची ती सोय होती. आज याच शहरातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतली मुले राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीची माहिती शोधत असतात. घरात पदवीधर नाही, ओळखीपाळखी नाहीत. त्यांचे केळुसकर महाविद्यालयातच असतात. मात्र अनेकदा ते तासिका तत्त्वावर असतात.

खरी अडचण इथे आहे. परदेशी विद्यापीठ दुवा पाठवते तो शिक्षकाच्या ईमेलवर, आणि तो संस्थेचा असावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडे पुष्कळदा ना संस्थेचा ईमेल असतो ना लेटरहेड. पुढच्या जूनमध्ये तो त्याच महाविद्यालयात असेल याचीही खात्री नसते. मग विद्यार्थी नाइलाजाने वरच्या खुर्चीकडे जातो, आणि तिथून उत्तर येते, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ एकाच हातचे तीन मजकूर तीन सह्यांनी गेले, तर वाचणाऱ्याला ते ओळखायला वेळ लागत नाही.

म्हणून महाविद्यालयांकडे एक साधी मागणी आहे: तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही संस्थेचा ईमेल द्या आणि करार संपल्यावर निदान दोन वर्षे तो चालू ठेवा. खर्च नगण्य आहे. विद्यार्थ्यांनीही महिना-दीड महिना आधी त्या शिक्षकांना भेटावे. सोबत गुणपत्रिका न्या, पण त्याहून अगत्याने त्यांनी दुरुस्त केलेला तो जुना मसुदा न्या. काय खोडले होते आणि का, हे त्यांना आठवेल. पत्राचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू होईल.