खरे सांगणाऱ्या परिचारिकेस शिक्षा कशासाठी?

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, भूम, परंडा किंवा उमरगा या तालुक्यांतील सामान्य कुटुंबांस मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना परिचर्येचा अभ्यासक्रम जवळचा वाटतो, याचे कारण उघड आहे. पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या शेतीत उत्पन्नाची शाश्वती नाही आणि मोठे कारखाने जिल्ह्यात फारसे नाहीत. दोन, तीन वा चार वर्षे शिकून परिचारिका म्हणून नाव नोंदले, की गावाजवळ, नाहीतर सोलापूर, लातूर वा पुण्यास मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहील, असा या कुटुंबांचा हिशेब असतो. तो पुष्कळदा मुलाखतीच्या खोलीत येऊन अडखळतो.

समजा, ‘आधीची नोकरी का सोडली?’ असा प्रश्न तेथे विचारला गेला. उमेदवाराने प्रांजळपणे सांगितले, की रात्रपाळीत एकटीवर इतके रुग्ण सोपविले जात, की एकदा औषधाची एक मात्रा द्यावयाची राहिली. ती चूक तिने स्वतःच डॉक्टरांच्या कानी घातली, रुग्णास अपाय झाला नाही, परंतु त्यानंतर तेथे राहणे कठीण झाले. मुलाखत घेणारे ‘कळवू’ म्हणतात आणि पत्र कधीच येत नाही. मग घरची मंडळी म्हणतात, एवढे सांगावयाची गरज काय होती? झाकली मूठ सव्वा लाखाची. जिल्हा लहान, रुग्णालये मोजकी आणि डॉक्टर एकमेकांच्या ओळखीचे असल्याने, एके ठिकाणी उच्चारलेला शब्द दुसऱ्या ठिकाणी आपल्या आधी जाऊन पोहोचला असेल, ही धास्ती त्या मुलीच्या मनात घर करते. पुढच्या मुलाखतीत ती खोटे बोलावयास शिकते.

ही धास्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र येथे प्रश्न केवळ एका मुलीच्या नोकरीचा नाही. दडविलेल्या चुकीची किंमत रुग्णालयात चूक करणारा देत नाही, ती रुग्ण देतो. चुकीचे औषध दिले गेल्याचे लगेच कळले, तर डॉक्टरांस काही उपाय करता येतो. सकाळपर्यंत कोणी तोंड उघडले नाही, तर उपायाची वेळ निघून गेलेली असते. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज मांडला होता. बहुतेक चुकांचे मूळ व्यक्तीच्या बेफिकिरीपेक्षा कामाच्या सदोष रचनेत असते, आणि चुका सांगितल्या गेल्याखेरीज ती रचना सुधारत नाही, हे त्या अहवालाचे सार होते. परंतु त्याच देशातील नॅशविल येथे २०१७ साली चुकीचे औषध देऊन रुग्णाचा मृत्यू ओढवलेल्या आणि ती चूक स्वतः कबूल केलेल्या परिचारिकेस २०२२ मध्ये फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरविण्यात आले. तेव्हा आता चुका कोणी सांगणार नाही, असा इशारा तेथील परिचारिकांच्या संघटनेने दिला. हा इशारा आपल्याकडील लहान रुग्णालयांसही तितकाच लागू आहे.

रुग्णालय चालविणाऱ्यांची बाजूही समजून घ्यावयास हवी. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि उमेदवाराच्या पूर्वीच्या कामाची चौकशी करणे हा त्यांचा अधिकारच नव्हे, तर ते त्यांचे कर्तव्य आहे. वारंवार निष्काळजीपणा करणारीस केवळ तिने तो कबूल केला म्हणून कामावर घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चूक झाली काय, एवढेच विचारून थांबणे म्हणजे अर्धीच चौकशी होय. चूक झाल्यावर तिने काय केले, कोणास सांगितले आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून कोणती खबरदारी घेतली, हे विचारल्यावाचून माणसाची पारख होत नाही. एकही चूक झाली नाही असे सांगणारी परिचारिका एक तर नवखी असते, नाहीतर लपविणारी.

अर्थात खरेपणा म्हणजे मुलाखत घेणाऱ्यापुढे सारे खासगी आयुष्य उघडे करणे नव्हे. आयुर्विमा महामंडळाने नेमणुकीच्या वेळी स्त्री उमेदवारांकडून मासिक पाळी आणि गर्भधारणा यांविषयी लेखी माहिती मागविली होती. ती खोटी दिल्यावरून कामावरून दूर केलेल्या एका महिलेस सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पुन्हा कामावर घ्यावयास लावले आणि असे प्रश्न स्त्रीच्या आत्मसन्मानास बाधक ठरविले. एचआयव्हीची बाधा झालेला कामगार काम करण्यास सक्षम असेल, तर केवळ त्या कारणाने त्यास नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी अशा चाचणीची अट घालण्यासच मनाई केली. लष्करी परिचर्या सेवेतील एका महिला अधिकाऱ्यास विवाह केल्यावरून १९८८ साली सेवामुक्त करण्यात आले होते. तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. लग्न कधी करणार, मूल कधी होणार, या प्रश्नांचा रुग्णाच्या शुश्रूषेशी संबंध नाही. त्यांचे उत्तर देण्याचे विनयाने टाळणे म्हणजे असत्य भाषण नव्हे.

मात्र नोंदणी, अनुभव, पूर्वीची नोकरी किंवा पोलिसांकडील प्रकरणे यांविषयी जे विचारले जाईल, त्याचे उत्तर सरळच असले पाहिजे. नोकरीसाठी दिलेली माहिती खरी असावी आणि तीत दडवादडवी नसावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले आहे. खरे सांगितल्याने एखादी नोकरी जाईल. परंतु खोटे उघडकीस आले, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

मनावरचे ओझे हलके करणारी एक गोष्ट या मुलींना सांगावयास हवी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या सेवेतील कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षेच्या गुणांवर होणाऱ्या अशा निवडीत कोण्या खासगी रुग्णालयात पूर्वी कधी काय बोलले गेले, यास स्थान नाही. एका खोलीत मिळालेला नकार म्हणजे साऱ्या व्यवसायाचे दार बंद झाले, असे मानण्याचे कारण नाही.

उरतात ती खासगी रुग्णालये. प्रश्न आधी ठरवून सर्व उमेदवारांना सारखेच विचारावेत, नकाराचे कारण लिहून ठेवावे आणि आधीच्या रुग्णालयाकडे चौकशी करावयाची असल्यास ती उमेदवारास सांगून करावी. यास पैसा लागत नाही. ओळखीच्या गप्पांतून एखाद्या मुलीची अन्नदशा ठरविण्याची रीत मात्र थांबली पाहिजे. धाराशिव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनी आणि जिल्ह्यातील परिचर्या विद्यालयांनी मिळून अशी पद्धत घालून दिली, तर लहान रुग्णालयेही तिचे अनुकरण करतील.

परिचारिकेच्या हाती रुग्ण आपला जीव देतो तो तिच्या शब्दावर विसंबून. औषध दिले असे तिने तक्त्यावर लिहिले, म्हणजे ते दिलेच असे डॉक्टर धरून चालतात. ज्या मुलाखतीत खरे बोलणारी मागे पडते आणि सफाईने लपविणारी निवडली जाते, त्या मुलाखतीने रुग्णालयाने आपल्याच तक्त्यावरचा विश्वास गमावलेला असतो.