मेल मिळालाच नाही म्हणे!

"तुमचा मेल आम्हाला मिळालाच नाही." हे वाक्य हल्ली इतक्या सहज फेकलं जातं की ऐकणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं. मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने जाहिरातीत स्वतःचा पत्ता छापून "अर्ज फक्त ई-मेलनेच पाठवा" असं बजावलं, त्याच्या दारात मेल अडला तर दोष त्याचा. पाठवणाऱ्याचा नाही.

हे सुचायला कारण माझा एक जुना विद्यार्थी. तामशाकडचा पोरगा, डिप्लोमा झालेला, बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. एका कंपनीच्या जाहिरातीवरून त्याने मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज पाठवला. मुदत टळल्यावर त्याला एक लांबलचक इंग्रजी निरोप आला, तो छापून घेऊन माझ्याकडे आला. "सर, हे काय म्हणतंय बघा." मी त्याच्यासमोरच कंपनीत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळं चालू आहे. आत्ताच मला वरून मेल आलाय."

गंमत इथेच आहे. आतल्या आत फिरणाऱ्या मेलला फाटक ओलांडावंच लागत नाही. शाळेत शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरतो, त्याला पोस्टमन कशाला लागतो? फाटकाला कुलूप असलं तरी वही फिरतच राहते. बाहेरच्या मेलचं तसं नसतं. पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसमध्ये त्या कंपनीची एमएक्स नोंद शोधतो, तिथून पत्ता कळला की पोर्ट २५ वर जाऊन दार ठोठावतो. नावाच्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं, फायरवॉल बदलताना कुणी ते दार बंद केलं, डिस्क भरली, की बाहेरचं सगळं थांबतं आणि आतले लोक एकमेकांना खुशाल मेल पाठवत बसतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये तर तशी सोयच आहे. जागा कमी पडू लागली की तो आधी बाहेरच्यांना नकार देतो, घरच्यांचं चालू ठेवतो. तेव्हा "आम्हाला मेल येतात की" हा पुरावाच नव्हे.

माझा पुतण्या पुण्यात हेच काम करतो. तो म्हणाला, "काका, आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलमधल्या खाजगी खात्यावरून कंपनीच्या पत्त्यावर एक मेल टाकतो." दहा मिनिटांचं काम! साहेबांना ते सुचू नये?

आणि त्या निरोपात उत्तर लिहिलेलंच होतं. नकाराचा आकडा ४ ने सुरू झाला तर अर्थ, आत्ता नाही, पुन्हा या. ५ ने सुरू झाला तर, येऊच नका. पोराच्या कागदावर ४५२ होता. साठवायला जागा नाही. हा आकडा १९८२ सालच्या नियमांपासून तसाच चालत आला आहे. म्हणजे कंपनीच्याच सर्व्हरने दिलेली कबुली पोराच्या हातात होती आणि साहेब मात्र सगळं चालू आहे म्हणत होते.

यंत्र बिघडतं, हे मलाही कळतं. १ जानेवारी २०२२ ला जगभरच्या कितीतरी कंपन्यांच्या एक्स्चेंज सर्व्हरवर मेल अडकून पडले. कारण वाचून मी गणिताच्या शिक्षकासारखा खुश झालो. तारीख २२०१०१०००१ अशा आकड्यात लिहिली जात होती आणि तिथे मावणारी सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७. वर्ष उजाडलं आणि भांडं भरून वाहिलं. जुलै २०२५ मध्ये तर बिघाड नसतानाही मेल थांबला. युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या या तेल कंपनीची सेवाच बंद केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, महिनाअखेर सेवा पूर्ववत झाली. त्यांना वकील होते. सालगड्याच्या पोराने कुठे जावं?

काही जण म्हणतील, त्याने आधीच पाठवायचं, फोन करून विचारायचं. का म्हणून? मुदत तुम्ही ठरवलीत, तो मुदतीच्या आत तुमच्या दाराशी आला. मेलच्या नियमांत तर सरळ सांगितलंय की दार उघडलं नाही तर पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. पाहुणा ओसरीवर ताटकळला आणि घरधनी म्हणतो, कुणी आलंच नव्हतं!

आपलं टपाल खातं कितीही रेंगाळो, पत्ता चुकला तर पाकिटावर शेरा मारून परत पाठवायचं. पाठवणाराही सापडला नाही तर त्यासाठी रिटर्न लेटर ऑफिस. "पत्र आलंच नाही" म्हणून हात झटकण्यावर ते थांबत नसे. संगणकाच्या लोकांनीही ही रीत पाळली होती. प्रत्येक मेल सर्व्हरवर "पोस्टमास्टर" नावाचा एक पत्ता चालू असलाच पाहिजे आणि तिथे आलेली तक्रार स्वीकारलीच पाहिजे, असा नियम आजही आहे. किती साहेबांना तो ठाऊक असेल, देव जाणे.

पोराचा अर्ज आम्ही स्पीड पोस्टने पुन्हा पाठवलाय. सोबत तो छापील निरोप, ४५२ वर लाल शाईने गोल करून. मुदत संपली असं उत्तर आलं तर दुसरं पत्र कंपनीच्या संचालकांना जाईल, मजकूर तयार आहे.

तोवर तुम्ही एक करा. तुमच्या ऑफिसच्या पोस्टमास्टरच्या पत्त्यावर, बाहेरच्या खात्यावरून, एक साधा नमस्कार पाठवा. कुणाला काय उत्तर आलं ते मला कळवा.