थंडीच्या रात्री मजेची कादंबरी वाचा



आज खत नाही, फवारणी नाही, बाजारभाव पण नाही. आज कादंबऱ्यांवर लिहितो. कोणी म्हणेल, काका, पान चुकलं तुमचं. नाही चुकलं. पुढे वाचा.

भात झोडून घरात आलं, पेंढा रचून झाला, मोगऱ्याची छाटणी आटपली. आपल्या वसईची थंडी ती काय, निफाडवाले हसतील. तिकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, आपण कानटोपी घातली की झालं. पण रात्र मोठी होते हे खरं. केळीसुद्धा ह्या दिवसांत नवीन पान सावकाश काढते, पाण्याची पाळी लांबते. वर्षभरात शेतकऱ्याच्या हातात मोकळी रात्र येते ती ह्याच दोन महिन्यांत.

तिचं आपण काय करतो? मोबाईल बघतो. तास-दीड तास बोटाने वर सरकवायचं आणि झोपताना काय बघितलं ते आठवत नाही. नाहीतर मग पडल्या पडल्या विचार. भाव पडला, मजूर मिळत नाही, सातबाऱ्यावर भावाभावांची नावं, आणि दलालाचा फोन. आपल्या पट्ट्यात हा फोन संध्याकाळीच येतो, माणूस दमलेला असतो तेव्हा. बावखलं बुजली, वाड्या गेल्या, त्यातले किती निर्णय अशा थकलेल्या रात्री झाले असतील, ज्याचं त्याला माहीत. डोकं एका जागी घोटाळत असेल तर त्याला दुसरीकडे न्यावं लागतं. त्या कामाला कादंबरीइतकी स्वस्त वस्तू मला दुसरी दिसत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. शेतकऱ्याने मजेसाठी वाचावं. ज्ञान वाढावं म्हणून नाही, फक्त मजेसाठी. आपल्याला लोक दोनच प्रकारची पुस्तकं देतात. एक माहितीपुस्तिका, दुसरं आपल्याच दुःखाचं पुस्तक. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मोठी कादंबरी आहे, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वाद नाही. ती शहरातल्या माणसाने जरूर वाचावी. पण ज्याचं पीक ह्याच वर्षी गेलंय त्याच्या हातात जानेवारीच्या रात्री तेच द्यायचं? त्याला ते पाठ आहे. त्याला हसू द्या, पुढे काय होतं म्हणून जागू द्या.

तर ही माझी यादी. सोप्यापासून सुरू करतो.

पहिलं नाव आपल्या तालुक्याचं. बाबूराव अर्नाळकर. नावातच आपला अर्नाळा आहे. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. ह्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. एके काळी घरोघरी चोरून वाचली जायची, कारण मोठी माणसं रागवायची. पुस्तकं पातळ, एका रात्रीत संपणारी. ज्याचा वाचनाचा सराव सुटलाय त्याने इथूनच धरावं. जुन्या वाचनालयात फाटक्या पुठ्ठ्याची का होईना, सापडतात.

दुसरी शंकर पाटलांची ‘टारफुला’. कृषीवाल्या मित्रांनी नाव वाचूनच कान टवकारले असतील. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला चिकटून रस ओढणारं तण. आपल्याकडे ज्वारी नाही म्हणून वसईकरांना सांगतो. ते वर दिसतं तोपर्यंत खाली नुकसान झालेलं असतं, आणि त्याचं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. कादंबरीत गावाचा दरारा असलेला पाटील मरतो आणि मग सत्तेसाठी जे सुरू होतं ते वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून बघितलेल्याला तर जास्तच रंगत येईल. तणाचं नाव का दिलं ते शेवटाकडे आपोआप कळतं.

तिसरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ ची. लहानशी आहे. कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो. आधी पोरंच येत नाहीत, मग वाडी त्याला आपला मानते. सगळी वाडी मिळून तालीम बांधते तो भाग तर दोनदा वाचावा. शेवटी दुष्काळ येतो, तिथे गळा दाटतो. पण आधीची गंमत इतकी आहे की मी तिला मजेच्याच यादीत ठेवतो.

चौथी श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’, १९५२ ची. दापोलीकडचा मुलूख, नारळी-सुपारीच्या वाड्या, म्हणजे आपल्यासारखंच वातावरण. गावाने वाया गेलेला ठरवलेला बापू, त्याची राधा, आणि सुपारीच्या धंद्यात त्याचं उभं राहणं. बापू बोलायला लागला की वाटतं, हा आपल्याच नाक्यावरचा आहे. ही आवडली आणि रात्री अजून शिल्लक असल्या तर पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ घ्या. दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या पिढ्या. होळीपर्यंत पुरेल.

पाचवी ना. सं. इनामदारांची ‘झुंज’, यशवंतराव होळकरांवरची. ती वसईकरांनी का वाचावी ते सांगतो. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतरावांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्याच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला, तिथून समुद्रमार्गे आपल्या वसईला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह करून बसला. तोच वसईचा तह. शाळेत आपण एका मार्कासाठी पाठ केला. हल्ली ३१ डिसेंबरला किल्ल्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, त्यातल्या कितीजणांना ही तारीख माहीत असेल? कादंबरी म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, तेवढं ध्यानात ठेवून वाचावं. पण घोडदौड अशी आहे की झोप उडते.

आता कोणी म्हणेल, कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि हे कादंबऱ्या सांगतायत. बरोबर आहे. कादंबरीने हप्ता फिटत नाही. पण रात्रभर जागून काळजी केल्यानेही फिटत नाही. सकाळी फुलं तोडायला पहाटे उठायचंच आहे. मग दहा वाजेपर्यंत दुसऱ्याच्या गावात फिरून आलेलं डोकं शांत झोपतं, एवढाच हिशोब आहे.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. डोळे दुखत असतील तर आधी चष्म्याचा नंबर तपासा, पुस्तकाला दोष देऊ नका. एकट्याने वाचवत नसेल तर मोठ्याने वाचा. घरात वाल सोलायला बसले असतील तर तिथेच पाट घ्या. ऐकणाऱ्यांचे हात चालू राहतात, आणि उद्या पुढचं ऐकायचं म्हणून तेच तुम्हाला हाक मारतात. ज्यांची पंपाची वीज रात्रपाळीची आहे त्यांनी पुस्तक सोबत न्यावं, पण पाणी कुठवर गेलं तेही बघावं.

आणि शेवटचं, महत्त्वाचं. पुस्तक विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी शासनमान्य वाचनालयं आहेत. त्यांना अनुदान मिळतं, पण कपाटं उघडायला वाचक लागतो. विहिरीचं पाणी उपसलं नाही तर शेवाळ धरतं, तसंच पुस्तकांचं. वाडी गेली की परत येत नाही हे आपण डोळ्यांनी बघतोय. वाचनालय बंद पडलं की तेही परत उघडत नाही. म्हणून ह्या आठवड्यात बाजारात जाल तेव्हा जवळच्या वाचनालयात नाव घाला आणि वरच्यातलं एक पुस्तक मागा. नसेल तर तिथे चिठ्ठी लिहून द्या, म्हणजे पुढच्या खरेदीत येईल.

तुमच्या घरात कुठली मजेची कादंबरी वाचली गेली ते खाली लिहा. विदर्भ, खानदेशवाल्यांनी आपापल्या भागातली सांगावी. थंडी अजून बाकी आहे.