राधाला रजा का मिळाली नाही?

गेल्या महिन्यात वेरिबीला आमच्या घरी चार कुटुंबे जेवायला जमली होती. जेवणानंतर 'खामोशी' लावला, असित सेन यांचा १९६९ सालचा. गाणी सगळ्यांना पाठ, कथा मात्र पुसट आठवत होती. मनोरुग्णालयातले कर्नलसाहेब एक प्रयोग करतात : नर्सने रुग्णाला माया लावायची, प्रेमाचे नाटक करायचे. राधा (वहिदा रेहमान) देवला असे बरे करते आणि तो निघून जातो. मग अरुण (राजेश खन्ना) येतो. राधा आधी नाही म्हणते, मग तयार होते. अरुण बरा होतो आणि राधाच रुग्ण म्हणून तिथे दाखल होते.

"बिचारीचे मन फार हळवे," असे सगळे हळहळले. मला ते पटले नाही. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मानसशास्त्राचा गंध नाही. पण तडा गेलेल्या भागावर पुन्हा तेवढाच भार टाकला आणि तो मोडला, तर आम्ही त्या भागाला हळवा म्हणत नाही. भार कोणी टाकला ते विचारतो. राधाची ड्यूटी कर्नलसाहेबांनी लावली होती. पहिल्या खेपेनंतर तिची चौकशी कोणी केली?

उलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पाहा. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी आत्महत्येच्या काठावरच्या तरुणाला सांभाळते, आणि मोडत नाही. तिच्या जोडीला यदू आहे, दत्ताभाऊ आहेत. भार एकटीवर नाही.

हे सारे सुचले त्याला कारण घरचेच आहे. माझी पत्नी वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या विभागात रात्रपाळी करते. एक आजी तिला रोज आपल्या मुलीच्या नावाने हाक मारीत. त्या गेल्या, त्या पहाटे ही घरी आली आणि अर्धा तास गराजमध्ये गाडीतच बसून राहिली. मी विचारले, "मॅनेजरला सांगितलेस का?" तर म्हणाली, "त्या म्हणतात, हा कामाचाच भाग आहे." आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला तर दुसऱ्या दिवशी तासभर बैठक होते. माणूस गेल्यावर मात्र पुढची पाळी.

आपल्या मंडळातल्या कितीतरी भगिनी, आणि शिकायला आलेली मुलेही, याच कामात आहेत. त्यांच्यासाठी थोडे पैशांचे. व्हिक्टोरियात ३१ मार्च २०२४ पासून वर्ककव्हरचे नियम बदलले. नेहमीच्या कामातून आलेला ताण किंवा थकवा एवढ्यावर आता साधारणपणे भरपाई मिळत नाही. डॉक्टरांनी निदान केलेला मानसिक आजार लागतो आणि तो मुख्यतः नोकरीमुळे झालेला असावा लागतो. आघात करणाऱ्या प्रसंगांना अपवाद आहे. म्हणून काही विपरीत घडले की तारीख-वेळेसह लेखी कळवा, तोंडी नको. व्हिसा कोणताही असो, कामगार म्हणून हा हक्क आहे.

मेडिकेअर असेल तर जीपीकडून मेंटल हेल्थ प्लॅन करून घ्या. वर्षाला १० भेटींपर्यंत पैसे परत मिळतात, पण बहुधा पूर्ण नाहीत. फरक किती भरावा लागेल ते फोनवरच विचारा. विद्यार्थी व्हिसावाल्यांनी आपली विमा पॉलिसी उघडून वाचावी. घरीच आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी केअरर गेटवे (१८०० ४२२ ७३७) आहे. तिथे समुपदेशनाची फी लागत नाही.

आमच्याकडे ही वेळ घ्यायला तीन आठवडे हुज्जत झाली. "मला काय वेड लागलंय?" हे वाक्य मी निदान पाच वेळा ऐकले. शेवटी परवा तिने स्वतःच फोन केला. गुरुवारची वेळ मिळाली आहे. त्या दिवशी पोरांना शाळेतून मी आणणार आहे.