बाईपायी गादी गेली?

अमेरिकन दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘आमिस्ताद’ हा चित्रपट १९९७ साली पडद्यावर आला. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. अलीकडे असे जुने परदेशी चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळतात, त्यामुळे आमच्या परिचयातील बऱ्याच कुटुंबांनी तो पाहिला. पाहून झाल्यावर बहुतेकांचा अभिप्राय एकच: चित्र उत्तम आहे, पण ती कथा तिकडची. गुलामांची गलबते, काळे-गोरे यांचा झगडा, अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय, यांच्याशी माळव्यातल्या माणसाचा संबंध काय?

आम्हांस वाटते, संबंध आहे, आणि तो इंदूरच्या जुन्या मराठी घरांशी तर फारच जवळचा आहे. या घरांत, मग ती शहरातली असोत वा देपालपुरसारख्या परगण्याच्या गावातली असोत, गेली शंभर वर्षे एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे: “बाईपायी गादी गेली.” मुलांसमोर ते हलक्या आवाजात बोलले जाते, आणि मुले मोठी झाली की तीही तसेच बोलतात. ‘आमिस्ताद’ पाहिल्यावर हे वाक्य एकदा निवाड्यासाठी पुढे घ्यावे, असे आमच्या मनात आले.

प्रथम मूळ हकीकत पाहू. १८३९ च्या जुलै महिन्याच्या आरंभी क्यूबा बेटाच्या किनाऱ्याने ‘ला आमिस्ताद’ नावाचे गलबत चालले होते. त्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली ५३ माणसे होती, त्यांत ४ मुले. रुईझ आणि मॉन्तेस या दोघा स्पॅनिश गृहस्थांनी त्यांना हवानाच्या बाजारात विकत घेतले होते. एका रात्री सिंक्वे नावाच्या तरुणाच्या पुढारीपणाखाली बंदिवानांनी बेड्या तोडल्या. कप्तान आणि स्वयंपाकी ठार झाले, व रुईझ-मॉन्तेस यांना गलबत पूर्वेकडे, आफ्रिकेच्या दिशेने हाकण्याचा हुकूम झाला. हे दोघे दिवसा सूर्याकडे तोंड करून गलबत चालवीत आणि रात्री गुपचूप उत्तर-पश्चिमेस वळवीत. अशा रीतीने दोन महिने भरकटत ते गलबत अमेरिकेच्या लाँग आयलंडजवळ सापडले, आणि माणसे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनच्या तुरुंगात पडली.

मग खटला उभा राहिला. रुईझ-मॉन्तेस म्हणाले, हा आमचा माल. स्पेनचे सरकार म्हणाले, आमच्या प्रजाजनांचा माल परत करा. ज्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी गलबत पकडले, त्यांनीही बक्षिसाचा वाटा मागितला. मालावर एवढ्यांचे हक्क सांगून झाले, पण माल म्हणून जी माणसे बसवली होती त्यांना कोणी काही विचारू शकत नव्हते, कारण त्यांची भाषाच कोणास कळत नव्हती.

यापुढचा प्रसंग आम्हांस संपूर्ण कथेत सर्वांत मोलाचा वाटतो. येल विद्यापीठातील भाषापंडित जोसाया गिब्स तुरुंगात गेले आणि बोटे दाखवून त्यांनी बंदिवानांकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले. मग न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजांच्या कडेने ते मोठ्याने हे आकडे म्हणत हिंडू लागले. जेम्स कव्ही नावाच्या एका खलाशाला ते कळले. ती मेंडे भाषा होती आणि कव्ही त्याच मुलखातून पूर्वी पळवला गेलेला. दुभाषी मिळाला आणि खटल्याचे रूप पालटले. संगीत शिकवणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. समोरचा कोण, कुठला, कोणत्या घराण्याचा, हे पुष्कळदा त्याने नुसत्या मात्रा मोजल्या तरी कळते. पण त्यासाठी ऐकावे लागते.

कायद्याचा मुद्दा तसा सरळ होता. १८१७ च्या करारान्वये स्पेनने आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार १८२० पासून बंद केला होता. रुईझ-मॉन्तेस यांनी कागदोपत्री बंदिवानांना स्पॅनिश नावे लावून ते जुने, क्यूबातच वाढलेले गुलाम असल्याचे भासवले होते. कव्हीच्या तोंडून खरी नावे आणि खरी गावे बाहेर पडताच ही लबाडी उघडी झाली. सर्वोच्च न्यायालयात ७३ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी बाजू मांडली, आणि ९ मार्च १८४१ रोजी न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल वाचला: ही माणसे कधीच गुलाम नव्हती, ती मोकळी आहेत. त्यांपैकी ३५ जण १८४२ च्या आरंभी आफ्रिकेच्या किनाऱ्यास परत लागले.

येथे चित्रपटाविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. मॉर्गन फ्रीमन यांनी रंगवलेला जोडसन हा गृहस्थ इतिहासात नव्हताच. शेवटचे भाषणही अॅडम्स यांच्या प्रत्यक्ष युक्तिवादाहून निराळे आहे. हे एक वेळ चालेल. परंतु शेवटाकडे वाद्यवृंद उंचावतो आणि प्रेक्षकाची समजूत होते की न्यायालयाने गुलामगिरीस दोषी ठरवले. तसे मुळीच झाले नाही. ही माणसे खरोखरच क्यूबात जन्मलेले गुलाम असती, तर त्याच कायद्याने ती मालकाकडे परत गेली असती. गलबतावर अंतोनियो नावाचा कप्तानाचा एक पोरगा नोकर होता. तो कायदेशीर गुलाम, म्हणून कोर्टाने त्याला क्यूबात परत पाठवण्याचे ठरवले होते. कनवाळू लोकांनी त्याला गुपचूप कॅनडात पोहोचवले, म्हणून तो सुटला. आणि गलबत चुकून अमेरिकेच्या पाण्यात आले नसते, तर खटला उभाच राहिला नसता. न्याय मिळाला खरा, पण तो हद्दीच्या अपघाताने मिळाला.

आता इंदूरकडे वळू. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर एक मोटार अडवली गेली. आत अब्दुल कादर बावला हे तरुण श्रीमंत व्यापारी आणि मुमताज बेगम होत्या. हल्लेखोरांनी बावलांना गोळ्या घातल्या व मुमताज बेगमच्या तोंडावर वार केले. त्यांना ओढून नेण्याच्या बेतात असताना गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी एकाने गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना तोंड दिले, म्हणून मुमताज बेगम बचावल्या. बावला मरण पावले. पकडलेल्या माणसांचे धागे इंदुरापर्यंत पोहोचले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे ज्युरीसह खटला चालला. नऊ आरोपींत होळकर फौजेतील बडे अधिकारी आनंदराव फणसे होते, आणि त्यांच्या बचावासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. महाराज तुकोजीराव तिसरे यांच्यावर खटला झाला नाही, व कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे चौकशी मंडळ किंवा गादीचा त्याग असे दोन पर्याय ठेवले, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

एवढे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते हे की मुमताज बेगम कोर्टात काय बोलल्या. कोवळ्या वयात त्या दरबारी गाण्यानाचण्यासाठी आल्या, व सुमारे दहा वर्षे इंदुरात होत्या. त्यांनी साक्षीत सांगितले की आपल्यावर नजर असे, नातलगांस भेटता येई पण सोबत नेहमी कोणीतरी असे. आपल्याला झालेली मुलगी दाईंनी मारली असा त्यांचा आरोप होता, आणि त्यानंतर आपल्याला इंदुरात राहावयाचे नव्हते, असे त्या म्हणाल्या. १९२४ साली मसुरीकडे नेले जात असता त्या दिल्लीस गाडीतून उतरल्या आणि परत यावयास तयार झाल्या नाहीत. पुढे मुंबईत बावलांच्या आश्रयास राहिल्या. म्हणजे मलबार हिलवरचा सारा प्रकार निघून गेलेली वस्तू परत आणण्याचा होता. जो दावा रुईझ-मॉन्तेस यांनी कागदावर केला, तो येथे पिस्तुलाने केला गेला.

आणि हद्दीचा अपघात इथेही आहेच. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने आपल्या मुलखात गुलामगिरीला कायद्याचा आधार नाकारला होता, परंतु संस्थानांच्या आत त्या कायद्याचा हात पोहोचत नव्हता. हीच मोटार इंदुरातल्या रस्त्यावर अडवली गेली असती, तर कोणते कोर्ट उभे राहिले असते?

कोणी म्हणेल, नाचणाऱ्या बाईला गुलाम कसे म्हणता? येथे माळव्याचाच जुना दाखला घ्यावा. मंदसोरच्या तहानंतर या मुलखाचा कारभार पाहिलेल्या सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नोंदवले आहे की माळव्यातील गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची आहे, व नाचणाऱ्या मुली लहानपणीच त्यांच्या नायकिणींकडून पैसे देऊन विकत घेतल्या जातात. आपल्या पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकीही विकल्या-घेतल्या जातच होत्या. मुमताज बेगमना कोणी विकत घेतले होते असे आम्ही म्हणत नाही. पण ‘नको’ म्हणण्याची मुभा जिला नाही, तिची स्थिती निराळ्या नावाने सांगून काय फरक पडतो?

हे लिहिणाऱ्याचे घर दरबारी गवयाचे. त्यामुळे राजाश्रयाची निंदा आमच्या लेखणीतून होणार नाही. होळकर दरबाराने नाना पानसे यांच्यासारखा पखवाजी पोसला. सारंगीवादक शहामीर खाँ याच दरबारचे, आणि त्यांच्या मुलाने, उस्ताद अमीर खाँ यांनी, इंदूरचे नाव देशभर नेले. तुकोजीरावांच्या शिमगोत्सवास दूरदूरचे कलावंत येत. हे ऋण मोठे आहे, आणि ते फेडण्याजोगे नाही.

परंतु ऋण मान्य करूनही एक भेद विसरता येत नाही. गवई नाराज झाला की तंबोरा गवसणीत घालून दुसऱ्या दरबारी जाई. अल्लादिया खाँ राजपुतान्यातून निघाले आणि कोल्हापुरास स्थिरावले. त्यात कोणास गुन्हा दिसला नाही, उलट कोल्हापूरचे भाग्य म्हणून आपण ती गोष्ट सांगतो. पुरुषाने दरबार सोडला तर ती त्याची मर्जी, आणि बाईने सोडला तर तिच्या मागे मोटार! ज्या घरांना त्याच कोठारातून शिधा मिळत होता, त्या आमच्यासारख्या घरांनी तरी हा भेद बोलून दाखवला पाहिजे.

आक्षेप असाही येईल की इंग्रजांना संस्थानिकांना नमवावयाचे होते आणि बावला प्रकरण त्यांना आयते सापडले. यात तथ्य आहे. त्यांच्या न्यायबुद्धीचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. अमेरिकेतल्या त्या सर्वोच्च न्यायालयातही गुलामांचे मालक असलेले न्यायमूर्ती बसले होते. पण न्यायाधीशाचे हात मळलेले असले म्हणून फिर्यादीचे दुःख खोटे ठरत नाही.

मुमताज बेगमच्या प्रकरणावरही लागलीच, १९२५ सालीच, चित्रपट निघाला होता. कोहिनूर कंपनीसाठी होमी मास्तर यांनी केलेला ‘कुलीन कांता’ तो हाच. तो काळ मूकपटांचा, तेव्हा पडद्यावरची नायिका बोलणार कोठून? दुर्दैवाने आपल्या घरांतील कथेतही ती अद्याप मूकच आहे. आपण तिचे नावदेखील घेत नाही, नुसते ‘बाई’ म्हणतो. वास्तविक मराठी गानपरंपरेत ‘बाई’ हा मानाचा शब्द आहे. केसरबाई, हिराबाई, मोगूबाई ही नावे उच्चारताना आपण कानाच्या पाळीला हात लावतो. तोच शब्द या एका वाक्यात येताच शिवीसारखा का व्हावा? हवानाच्या कागदांवर खोटी नावे लिहिली होती, आपण नावच लिहिले नाही, एवढाच फरक.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना बंदी घातली. मलबार हिल आणि देपालपुर यांना आता एकच कायदा आहे, न्यायासाठी कोणाला दैवाने योग्य हद्दीत पोहोचावे लागत नाही, निदान कायद्याच्या अक्षरात तरी. ही आपली कमाई लहान नव्हे. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. घरकामाची पोर, वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेला मजूर, सासर सोडून माहेरी आलेली लेक, यांपैकी कोणी ‘मला जावयाचे आहे’ म्हणाले की आपण प्रथम काय विचारतो? ‘का जायचे?’ असे विचारले, तर आपण गिब्ससाहेबांच्या मागून चाललो. ‘कोणाची आहेस?’ असे विचारले, तर रुईझ-मॉन्तेसच्या.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. गादीवर प्रेम असलेल्या घरांनी ते प्रेम खुशाल ठेवावे. महाराजांनी केलेली चांगली कामे सांगावीत, दरबारच्या मैफलींच्या आठवणी काढाव्यात. पण पुढच्या पिढीला बावला प्रकरण सांगताना ‘बाईपायी गादी गेली’ हे वाक्य सांगू नये, कारण ते खरे नाही. तिला जाऊ दिले असते, तर बावला जगले असते, तीन घरांत फाशीचा हुकूम आला नसता, आणि गादीही जागेवर राहिली असती. गादी गेली ती एका माणसाला माल समजल्यापायी. त्या माणसाचे नाव मुमताज बेगम होते, आणि ते नाव घरातल्या मुलांना सांगण्यास आता कोणाची भीती नाही.