टाकाऊ तेलाची ऊब आणि तिची किंमत

तळून उरलेल्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न मुळात स्वयंपाकघरातला. परंतु गेल्या दोन दशकांत तो स्वयंपाकघरातून निघून कायदेमंडळांपर्यंत, तेलशुद्धीकरण कारखान्यांपर्यंत आणि आता विमानतळांपर्यंत जाऊन पोचला आहे. या प्रवासातील पहिला टप्पा मात्र अगदी साधा होता. थंड मुलुखातील एखादा काटकसरी गृहस्थ उपाहारगृहाच्या मागील दारातून वापरलेले तेल आणी, ते गाळी आणि त्यावर आपले घर ऊबदार ठेवी. त्यात कचऱ्याची विल्हेवाट होती, पैशाची बचत होती आणि स्वावलंबनाचे समाधानही होते. अशा सरळ व्यवहारातून पुढे एवढा गुंता का निर्माण व्हावा, हे पाहण्यासारखे आहे.

भारतासारख्या उष्ण देशातील वाचकाला घर तापविण्याच्या खर्चाची कल्पना सहसा येत नाही. अमेरिकेत आजही सुमारे ५० लाख घरे खनिज तेलावर तापविली जातात आणि त्यांतील बहुतेक ईशान्येकडील राज्यांत आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक घरांची भिस्त तेलावर आहे. इंग्लंडच्या ग्रामीण भागातही जेथे गॅसची नळी पोचलेली नाही तेथे घराशेजारी तेलाची टाकी असते आणि हिवाळ्यापूर्वी ती भरून घ्यावी लागते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेलाचे भाव भडकले आणि ही टाकी भरणे म्हणजे कुटुंबाच्या अंदाजपत्रकावरील मोठे संकट ठरले. अशा वेळी फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या तेलाकडे लक्ष वळले नाही तरच नवल.

तांत्रिक बाजू

हे तेल जळते, यात शंका नाही. खनिज तेलाच्या तुलनेत त्याची उष्णता फार तर दहा-बारा टक्क्यांनी कमी भरते. अडचण आहे ती निराळीच. घरगुती बॉयलरमधील बर्नर पातळ तेलाचा सूक्ष्म फवारा उडविण्यासाठी बनविलेला असतो. खाद्यतेल त्याहून सुमारे दहापट घट्ट असते. ते आधी तापविल्याशिवाय त्याचा नीट फवारा होत नाही आणि फवारा नीट झाला नाही की अर्धवट ज्वलन, काजळी व उग्र वास यांचा त्रास सुरू होतो. तळणीतून आलेले पाणी, मीठ आणि अन्नकण तोटीत अडकतात, तेलातील आम्ले तांब्या-पितळेच्या नळ्या झिजवितात, आणि ज्या कडाक्याच्या थंडीत उबेची खरी गरज असते त्याच थंडीत टाकीतील तेल थिजते. म्हणून मिथेनॉल व अल्कली यांच्या साहाय्याने तेलातून ग्लिसरीन वेगळे काढून त्याचे बायोडिझेल करणे, आणि ते खनिज तेलात मिसळणे, हा मार्ग अधिक रुळला. न्यूयॉर्क शहराने १ ऑक्टोबर २०१२ पासून घरे तापविण्याच्या तेलात दोन टक्के बायोडिझेल सक्तीचे केले आणि २०१७ मध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांवर नेले. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने तर २०३० पर्यंत ते ५० टक्के करण्याचा कायदा केला आहे.

पुरवठ्याची मर्यादा

येथे अर्थशास्त्रातील एक जुना धडा उपयोगी पडतो. लोकर आणि मांस ही एकाच मेंढीपासून मिळणारी दोन उत्पादने आहेत. लोकरीसाठीच मेंढ्या पाळल्या जात असतील, तर केवळ मांसाचा भाव थोडा वाढला म्हणून कळप दुप्पट होत नाही. वापरलेल्या तेलाचे तसेच आहे. इंधनाचा भाव वाढला म्हणून कोणी अधिक मासे आणि बटाटे तळत नाही. जे सांडपाण्यात जाई ते गोळा होऊ लागते, एवढाच काय तो फरक. त्या हद्दीपलीकडे किंमत कितीही चढली, तरी पुरवठा हलत नाही.

साधा हिशेब करून पाहावा. तेलावर तापणाऱ्या एका घराला वर्षाला १५०० लिटर तेल लागते असे धरू. एखाद्या तळणीच्या दुकानातून आठवड्याला ३० लिटर वापरलेले तेल निघाले, तर वर्षाचे १५६० लिटर होतात. म्हणजे एका दुकानाच्या तेलात एकच घर तापते. ज्या गावात दुकान एक आणि घरे चारशे, त्या गावात पहिल्या काटकसरी गृहस्थाला लाभलेली सोय उरलेल्या ३९९ जणांना मिळणे शक्य नाही. एकाच्या बाबतीत जे शहाणपणाचे, ते सर्वांसाठी धोरण होऊ शकत नाही. कायद्याने मागणी वाढविली की उरलेली तूट सोयाबीनसारख्या ताज्या तेलाने भरून काढावी लागते, आणि मग कचऱ्यातून ऊब हा मूळ हेतूच बाजूला पडतो.

कचऱ्याला भाव आला की

त्यातच सरकारांच्या प्रोत्साहनाने दुसरी विकृती निर्माण केली. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशानुसार वाहनांसाठी वापरलेल्या तेलापासून केलेले इंधन उद्दिष्टपूर्तीच्या हिशेबात दुप्पट धरण्याची मुभा दिली. घर तापविणाऱ्याला असा लाभ नव्हता. परिणामी तेल घराकडून मालमोटारींकडे वळले. २०२५ पासून युरोपातील विमानतळांवरील इंधनात दोन टक्के शाश्वत इंधन बंधनकारक झाले आहे आणि २०३० मध्ये ते सहा टक्के व्हायचे आहे. त्या इंधनाचा सर्वांत सुलभ कच्चा माल हाच आहे. खेड्यातील म्हातारीच्या शेगडीला विमान कंपनीशी भावात स्पर्धा करावी लागावी, हा या योजनेचा अनपेक्षित, पण अटळ परिणाम होय.

जे तेल उचलून नेण्यासाठी उपाहारगृहे पूर्वी पैसे मोजीत, त्याच्या पिंपांवर अमेरिकेत चोर डल्ला मारू लागले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ताजे पामतेल ‘वापरलेले’ म्हणून विकणे फायद्याचे ठरू लागले. तेल खरोखर तळणीतून आले की नाही, हे पिंप पाहून ओळखणे कठीण. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा याची पुरेशी शहानिशा करीत नाहीत, असा ठपका युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१६ मध्येच ठेवला होता. ज्या पामतेलासाठी आग्नेय आशियातील जंगले तुटतात तेच तेल कागदी फेरफाराने पर्यावरणरक्षक ठरणार असेल, तर या पुण्याचा हिशेब कोणी मांडायचा?

भारताला घेण्यासारखा धडा

भारताच्या बहुतेक भागात घर तापविण्याचा प्रश्न नाही. पण याच तेलाला येथे दुसरा गिऱ्हाईक आहे, आणि तो म्हणजे गरिबाचे पोट. मोठ्या हॉटेलांतून उतरलेले तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्याच्या कढईत जाते, हे उघड गुपित आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल खाण्यास वापरण्यास मनाई आहे. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना २०१९ पासून त्याची नोंद ठेवावी लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलाचे बायोडिझेल पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये दराने घेण्याची तयारी दाखविली. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये या तेलापासून विमान इंधन बनविण्याचे प्रमाणपत्रही मिळाले.

दिशा योग्य आहे. परंतु यश कायद्याच्या कलमावर नव्हे, तर भावातील फरकावर अवलंबून राहील. काळवंडलेल्या तेलाला संकलकाने देऊ केलेला भाव हा कढईवाल्याने देऊ केलेल्या भावाहून अधिक असेल तरच ते तेल इंधनाकडे वळेल. आणि रोज ५० लिटरच्या मर्यादेखालील हजारो गाड्या व टपऱ्या यांच्या दारापर्यंत संकलकाचे पिंप जाणार नसेल, तर कायदा पाळला जाईल तो केवळ पंचतारांकित स्वयंपाकघरांत.

परदेशातील अनुभव एवढेच सांगतो की, टाकाऊ वस्तूचा उपयोग करणे हे शहाणपण आहे; तिच्या भरवशावर देशाची गरज भागविण्याचे स्वप्न पाहणे हे मात्र शहाणपण नव्हे. थंडीत कुडकुडणाऱ्या घराला आधी भिंतींना उष्णतारोधक अस्तर आणि खिडक्यांना दुहेरी काच हवी, म्हणजे मुळात तेलच कमी लागेल. उरलेले तेल जेथे निघाले तेथेच, जवळच्या शाळेच्या वा रुग्णालयाच्या बॉयलरमध्ये मोजून मापून जळावे. ते जितके दूर जाईल तितका त्याचा माग काढणे अवघड, आणि तितकी लबाडी सोपी.